'गेलं म्हणजे कुठं गेलं?' शहापुरातल्या एका दिवाणजींना टॅली शिकवताना

आधीच सांगते, प्रकरण काही मोठं नाही. एक माणूस, एक साडीचं दुकान, एक कॉम्प्युटर आणि जून २०२४ ते दिवाळी एवढाच काळ. खरं (आमच्या बेळगावात 'पण' ला 'खरं' म्हणतात, बाहेरच्यांनी सांभाळून घ्या) मी बारा वर्षं टिळकवाडीत घरी कॉम्प्युटर क्लास घेतेय आणि एकाच विद्यार्थ्यावर एवढ्या चुका मी कधी केल्या नव्हत्या, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतेय.

दुकान शहापूरचं, खडेबाजारकडचं. वडगावच्या मागावरच्या साड्या घ्यायच्या आणि किरकोळ पण विकायच्या, घाऊक पण विकायच्या, त्यात लग्नसराईत गोव्याकडून, चंदगड गडहिंग्लजकडून बस्त्याला माणसं येतात त्यामुळं ते तीन महिने कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. काका तिथले दिवाणजी, म्हणजे हिशोब लिहिणारे. वय ६१, त्याच दुकानात ३८ वर्षं. आत्ताच्या सावकारांच्या (दुकानमालकाला आमच्याकडं सावकार म्हणतात) वडिलांच्या हाताखाली शिकलेले. त्यांचा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, तुम्ही बघायला पाहिजे, छापल्यासारखं अक्षर, काळ्या शाईत जमा, निळ्या शाईत नावे, बेरजेखाली दोन रेघा आणि त्या दोन रेघा पट्टी न लावता सरळ. मराठीत हिशोब करतात, मागवाल्यांशी कन्नडात बोलतात, गोव्याच्या गिऱ्हाईकाशी मधूनच कोकणी पण काढतात. म्हणजे शिकायची अक्कल नाही असा माणूस हा नव्हेच, हे आधी नीट ध्यानात घ्या कारण पुढं मी स्वतःच ते विसरले.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हापासून दुकानातली बिलं सीएच्या ऑफिसात जायची आणि तिथली मुलगी ती टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, भरायची. काका इकडं वही लिहिणार, तिकडं तेच परत टाईप होणार, महिन्याच्या शेवटी दोन्हीत फरक आला की फोनाफोनी. सावकारांचा मुलगा पुण्याहून शिकून आला तेव्हा म्हणाला हे दुप्पट काम कशाला, दुकानातच कॉम्प्युटर ठेवू, काकाच भरतील. बोलणं बरोबरच होतं त्याचं. कॉम्प्युटर आला, गल्ल्याच्या शेजारी काचेच्या टेबलावर बसला आणि आठ महिने तिथंच टॉवेलखाली झाकून राहिला.

मी यायच्या आधी दोन प्रयत्न झाले होते. पहिला, काकांनी एका क्लासात तीन महिने 'बेसिक' केलं होतं. चालू करणं, बंद करणं, पेंटमध्ये घर काढणं, घराला लाल छप्पर घालणं. "सर्टिफिकेट हाय की ओ माझ्याकडं, लॅमिनेशन करून ठेवलंय," असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वर स्वतःच हसले. दुसरा प्रयत्न मुलाचा. तो हुशार पोरगा, हात भराभर चालतो, त्यानं काकांच्या मागं उभं राहून इथं क्लिक करा, मग इथं, मग हे बंद करा, झालं, असं दहा मिनिटांत दाखवलं आणि काकांनी ते सगळं एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतलं. ती वही मी बघितली. त्यात लिहिलेलं, 'डावीकडून दुसऱ्या ओळीतलं तिसरं चित्र दोनदा दाबणे.' पुढं कधीतरी कुणीतरी डेस्कटॉपवरची चित्रं नावाप्रमाणं लावली आणि तिसऱ्या जागी भलतंच काहीतरी येऊन बसलं. वही सगळी खोटी पडली. काकांचं मत झालं की हे यंत्र रोज जागा बदलतं, ह्याच्यावर हिशोब कसा सोडायचा.

खरं सांगायचं तर मत अगदीच चुकीचं नव्हतं.

मग मुलानं मला बोलावलं. दुपारी अडीच ते चार गिऱ्हाईक कमी असतं, त्या वेळात दुकानातच शिकवायचं असं ठरलं.

माझी पहिली चूक माऊस. आपण शिकवणारे सगळे माऊसपासूनच सुरू करतो, का तर आपल्याला तसं शिकवलं म्हणून. काकांचा हात ३८ वर्षं पेनाला सवयीचा, तो माऊसवर ठेवला की सगळी बोटं ताठ व्हायची आणि डबल क्लिक करताना दोन दाबांच्या मध्ये माऊस बोटभर सरकायचा, म्हणजे उघडायच्या ऐवजी ते चित्रच ओढलं जायचं. विंडोजमध्ये दोन क्लिकमधलं अंतर साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत लागतं, ते सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येतं, ते मी वाढवलं. थोडा फरक पडला. मग मला आमच्या जुन्या सरांची युक्ती आठवली, पत्त्यांचा खेळ. विंडोज ३.० बरोबर १९९० ला सॉलिटेअर आला तेव्हापासून कितीतरी लोकांचा हात त्याच्यावरच बसलाय, पत्ता उचलायचा, ओढायचा, सोडायचा. मोठ्या उत्साहानं पत्ते उघडून दिले. काका खुर्चीतून उठलेच.

"दुकानात पत्ते? गल्ल्याशेजारी? सावकार बगितले तर काय म्हणतील ओ टीचर!"

वर लक्ष्मीचा फोटो, उदबत्ती लावलेली, खाली मी पत्ते मांडून बसलेली. मला पण कसंतरीच झालं. बंद केलं.

दुसरी चूक जास्त वाईट होती आणि ती चूक आहे हे मला पंधरा दिवस कळलंच नाही. नवशिक्याची भीती घालवायची म्हणून मी नेहमी एक करते, काहीतरी टाईप करायचं आणि पुसून दाखवायचं, बघा, काही बिघडत नाही, चुकलं तर पुसता येतं. कॉलेजच्या पोरांवर हे हमखास चालतं. काकांना मी टॅलीत एक खोटं बिल भरून दाखवलं आणि मग ऑल्ट डी दाबलं, विचारलं त्यावर एंटर मारला. बिल नाहीसं. "बघा काका, किती सोपं! गेलं!"

काका स्क्रीनकडं बघत बसले. "गेलं म्हणजे कुठं गेलं?"

"कुठं नाही, पुसलं गेलं."

"मागं काय राहत न्हाई?"

"काहीच नाही," मी म्हणाले, आणि हे मी शाबासकी मिळेल अशा आवाजात म्हणाले.

त्या दिवसापासून काकांचा हात जड झाला. बिल सगळं भरायचे, नाव, माल, नग, दर, आणि शेवटी ते 'स्वीकारायचं का, हो की नाही' असं विचारणारं छोटं चौकोन आलं की थांबायचे. एक मिनिट, दोन मिनिटं, कधी दहा. मला वाटलं इंग्लिश समजत नाहीय. मी दर वेळी अर्थ सांगायचे. ते मान डोलवायचे आणि थांबलेलेच. मग मला वाटलं वय झालंय, विसरत असतील. हे असलं वाटून घेणं आपल्याला फार सोयीचं असतं बघा, आपल्या शिकवण्यात काही खोट आहे का ते तपासायला नको.

तिसरी चूक एका दिवसाची. काकांची की दाबायची पद्धत म्हणजे शिक्का मारल्यासारखी, बोट ठेवलं की दाबून धरायचं. आणि की दाबून धरली की तेच अक्षर परत परत उमटतं, त्यामुळं ४५० च्या जागी ४५००० पडलं. त्याच वेळी काउंटरला एक बाई बिलासाठी उभ्या होत्या, मुलगा म्हणत होता काका लवकर, काका बॅकस्पेस शोधतायत आणि तो सापडेना, आणि मी, बारा वर्षांचा अनुभव असलेली मी, हात पुढं करून म्हणाले, "द्या इकडं." किबोर्ड ओढला, दोन सेकंदात दुरुस्त केलं, बिल काढलं.

काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. काही बोलले नाहीत. पुढचे चार दिवस मी गेले की "आज गिऱ्हाईक लई हाय टीचर, उद्या बगूया की." दुकानात माणूस नव्हतं.

पाचव्या दिवशी मी गेले ते काही शिकवायला नाहीच. म्हटलं, काका, मला वही लिहून दाखवा. बसते नुसती. (हे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं, माहितेय मला.) काका जरा खुलले. तासभर मी बघत होते. पावती घेतली की आधी बेरीज कॅल्क्युलेटरवर, मग तोंडी, मग पावतीवर पेन्सिलीनं बारीक टिक, मगच वहीत शाई. शाई लागली की संपलं. एका ठिकाणी दर चुकला होता, तर खाडाखोड नाही, एकच आडवी तांबडी रेघ, आकडा खालून वाचता येईल अशी, वर बरोबर आकडा आणि शेजारी छोटी सही.

मी विचारलं, व्हाइटनर का नाही वापरत? तेव्हा त्यांनी सांगितलं. ते नवीन होते तेव्हा एकदा ब्लेडनं आकडा खरवडून दुरुस्त केला होता, फक्त सव्वा रुपयाचा फरक. मोठ्या सावकारांनी पान उजेडाला धरलं, खरवडलेली जागा पातळ दिसली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की चुकणारा दिवाणजी मी ठेवीन, पुसणारा ठेवणार नाही. आणि ते सगळं पान परत लिहायला लावलं, खरवडलेलं पान पण वहीतच ठेवून.

"वहीतली रक्कम अशी जात नसत्या ओ टीचर. तुम्ही ते दाबला आणि बिल गेलं, मागं डाग सुदीक न्हाई. उद्या कोण म्हणालं दिवाणजीनं बिल खाल्लं, तर मी काय दाखवू?"

म्हणजे पंधरा दिवस मी त्यांची भीती घालवायला जे करत होते त्यानंच भीती बसली होती. चुकण्याची त्यांना धास्ती नव्हती, चूक तांबड्या रेघेनं मारायची त्यांना ३८ वर्षांची सवय. त्यांना धास्ती होती ती खूण न ठेवता पुसलं जाण्याची. आणि त्या चौकोनापुढं दहा मिनिटं थांबायचे ते इंग्लिश येत नाही म्हणून नव्हे, शाई लागायच्या आधी परत तपासत होते. मांडीवर कॅल्क्युलेटर असायचा, मला टेबलाच्या ह्या बाजूनं दिसायचा नाही एवढंच.

इथून पुढं मी सगळं उलटं केलं.

पहिलं, ऑल्ट डी ला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि ऑल्ट एक्स दाखवलं. टॅलीत हे दोन वेगळे आहेत आणि आम्ही शिकवणारे पण घाईत एकच समजून सांगतो. डी नं व्हाउचर, म्हणजे भरलेली नोंद, जातं. एक्स नं रद्द होतं, म्हणजे नंबर जागेवर राहतो आणि यादीत ते रद्द म्हणून दिसत राहतं. काकांनी एक बिल रद्द केलं, डे बुक (दिवसाच्या नोंदींची यादी) उघडलं, बिल तिथंच, रद्द. "ही तांबडी रेघ झाली की!" मी म्हणण्याआधी तेच म्हणाले.

दुसरं, एडिट लॉग. टॅलीची अशी आवृत्ती मिळते ज्यात कुठल्या नोंदीत कधी, कुणाच्या लॉगिननं, काय बदल झाला ते सगळं मागं राहतं आणि बंद करता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर असंच वापरायची सक्ती आहे, बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद न करता येणारं. आमचं दुकान कंपनी नाही, त्यामुळं सक्ती नव्हती, खरं सीएंना विचारून ती आवृत्ती घातली. काकांना जेव्हा सांगितलं की दिल्लीनं अख्ख्या देशातल्या कंपन्यांना हा नियम लावला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "मोठे सावकार १९८६ ला म्हणालेले." एवढंच. खरं त्या दिवशी चहा त्यांनी मागवला, आणि चहाबरोबर कुंदा.

मग बाकीच्या गोष्टी, ज्या ऐकायला किरकोळ वाटतील. माऊस टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. टॅली मुळातच किबोर्डवर चालणारं, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी, एफ ५ दिले, एफ ६ आले, एंटरनं पुढं, एस्केपनं मागं. 'तिसरं चित्र' हलू शकतं, एफ ८ हलत नाही. त्या की वर मी काही चिकटवलं नाही, काकांनीच पांढरी पट्टी कापून वर लावली आणि बारीक अक्षरात लिहिलं: विक्री, खरेदी, नावे, जमा. माझ्या डोक्यात डे बुक म्हणजे डे बुक होतं, त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी रोजमेळ म्हणायला सुरू केलं आणि लेजरला (प्रत्येकाच्या खात्याचं पान) खतावणी, मग मी पण तेच म्हणायला लागले. शब्द त्यांचे आले तसे प्रश्न पण त्यांचे यायला लागले, आधी ते फक्त "बरं" म्हणायचे.

की दाबून धरायची सवय मोडायच्या नादाला लागले नाही. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर परत उमटायला लागायचा वेळ सगळ्यात जास्त करून ठेवला. शिक्का मारा नाहीतर टिचकी मारा, शून्य एकच पडणार. हे मला पहिल्या आठवड्यात सुचायला पाहिजे होतं कारण ४५० चे ४५००० होणं ही दिवाणजीच्या दृष्टीनं काही छोटी भीती नाही, खरीच भीती आहे.

नंबर पॅडची गंमत झाली. वरच्या ओळीतले आकडे ते एकेक शोधून मारायचे. एके दिवशी म्हटलं, काका, उजवीकडं बघा, हे काय आहे? वर ७ ८ ९, खाली १ २ ३. मोबाईलवर उलटं असतं, वर १ २ ३. खरं कॅल्क्युलेटरवर? त्यांनी मांडीवरचा कॅल्क्युलेटर उचलून किबोर्डशेजारी ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी हे लपवून ठेवलं होतं. ५ वर बारीक उंचवटा असतो तो बोटाला लागला की बाकीचे आठ आकडे न बघता सापडतात. आठवडाभरात आकड्यात ते माझ्यापुढं गेले, खोटं सांगत नाही. फक्त नम लॉक चुकून बंद झालं की आकड्याऐवजी कर्सरच उड्या मारायला लागतो, ते दोनदा झालं, तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः ओळखलं.

मान दुखते म्हणत होते त्याचं कारण पण असंच समोर होतं. बायफोकल चष्मा, वाचायचा भाग खाली, त्यामुळं स्क्रीन वाचायला मान मागं टाकून हनुवटी वर करायचे. मुलानं स्क्रीन उंच दिसावी म्हणून खाली साड्यांची दोन खोकी लावली होती. खोकी काढली, स्क्रीन जरा मागं कलवली, अक्षर दीडपट केलं.

नावांचा घोळ मात्र बरेच दिवस पुरला. खाती इंग्लिशमध्ये आणि आपली नावं इंग्लिशमध्ये लिहायची म्हटली की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. गडहिंग्लजच्या एका व्यापाऱ्याची दोन खाती तयार झाली, एकात शेवटी जे, एकात झेड. आडनावात एकदा आय, एकदा दोन ई. महिन्याच्या शेवटी एका खात्यात सगळी येणी आणि दुसऱ्यात सगळा जमा पैसा. मी स्पेलिंगची यादी करून द्यायला निघाले होते. काका म्हणाले, "यादी कशाला, पान नंबर घालूया की." जुन्या खतावणीत प्रत्येक पार्टीचं पान ठरलेलं आणि ते ह्यांना तोंडपाठ, गडहिंग्लजवाला ४७, चंदगडचा ५२. टॅलीत खात्याला दुसरं नाव देता येतं, तिथं आम्ही पान नंबर घातला. आता ४७ दाबून एंटर मारला की पार्टी हजर. एवढी चांगली सोय मी बारा वर्षांत कुणाला दाखवली नव्हती कारण मला ती लागली नव्हती.

सराव कुठल्या बिलांवर करायचा ह्याच्यावरून पण थोडं झालं. मी 'सराव' नावाची वेगळी कंपनी उघडून दिली, त्यात काहीही भरा म्हटलं. ते म्हणाले खोटी नोंद मी लिहिणार न्हाई, हात वाईट होतो. मग आदल्या दिवशीच्या खऱ्या पावत्या घेऊन त्या सरावात भरायच्या असं केलं आणि संध्याकाळी बेरीज वहीशी मिळवायची. पहिल्या दिवशी ११ पावत्या, दीड तास, फरक ९० रुपये. तो ९० चा फरक शोधायला त्यांनी घरी जायचा वेळ घालवला आणि शोधला. दुसऱ्या कुणाला मी म्हटलं असतं सोडा, सरावच आहे. त्यांना म्हटलं नाही.

जुलैच्या शेवटी, आपल्या बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, दुपारी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. स्क्रीन काळी. त्या दिवशी पहिल्यांदाच खऱ्या कंपनीत बिलं भरायला घेतली होती आणि सहावं चाललं होतं. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं संपलं, आता हा माणूस परत कधी हात लावणार नाही. काका शांत. पावत्यांचा गठ्ठा उलटा घातला, वर पेपरवेट ठेवला. "येऊ दे लाईट."

पाऊण तासानं आली. टॅली उघडलं, रोजमेळ उघडला. पाच बिलं होती, सहावं नव्हतं. काकांनी पाचही पावत्या एकेक करून मिळवल्या, रक्कम, नग, नाव. मग म्हणाले, "स्वीकारलेलं राहिलं, न स्वीकारलेलं गेलं. बरोबर हाय. शाई लागली न्हवती त्याला." मी महिनाभर सेव्ह म्हणजे काय ते सांगत होते, फाईलची उदाहरणं देऊन, कपाट आणि ड्रॉवर करून. ते सगळं वाया गेलं असं नाही म्हणत, खरं त्या पाऊण तासानं जे झालं ते त्यानं झालं नव्हतं. रोज संध्याकाळी पेन ड्राईव्हवर बॅकअप घ्यायला तेव्हापासून लागले (नुसतं नशिबावर राहू नका, अशी मध्येच लाईट गेली की डेटा बिघडू पण शकतो, हे मी त्यांना सांगितलं आणि यूपीएसची बॅटरी मुलाकडून बदलून घेतली). पेन ड्राईव्ह तिजोरीत ठेवतात, दागिन्यांच्या डबीत.

करांचं प्रकरण मला वाटलं होतं सगळ्यात अवघड जाईल. साडीला ५ टक्के, राज्यातल्या राज्यात विकली तर अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा, दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याला माल गेला तर सगळा पाच एकात, आयजीएसटी. बीकॉमची पोरं इथं गडबडतात, काकांना एकदा सांगितलं आणि झालं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्य, कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. "म्हणजे शिनोळी ओलांडली की २७," ते म्हणाले (शिनोळी हे सीमेवरचं गाव). जन्मभर ज्या माणसाचे सोयरे २७ मध्ये आणि घर २९ मध्ये, त्याला हे पाठ करावं लागत नाही. १२,००० चा माल चंदगडला, ६०० एका ओळीत. तोच आमच्या कर्नाटकातल्या खानापूरला, ३०० आणि ३००. "घराण्यातली वाटणी हो नुसती," असं पण म्हणाले, आणि त्याच्यावर दुकानातली सगळी हसली, मी पण, मग सगळे एकदम गप्प झाले. ते असो.

सप्टेंबरपासून सीएच्या ऑफिसातलं टायपिंग बंद झालं. काकांची वही मात्र बंद झाली नाही. मुलाचं म्हणणं हे परत दुप्पट कामच झालं की. त्याच्याशी माझं थोडं वाजलं पण. मी म्हटलं दिवाळीपर्यंत थांब. काका रोज संध्याकाळी रोजमेळाची प्रिंट काढायचे, त्याच्यावर टिक करायचे, सही करायचे आणि फाईलला लावायचे, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर कधीतरी वहीतली पानं कोरी राहायला लागली. कुणी सांगितलं नाही. प्रिंटवर टिक करणं चालू आहे, कागद लागतो, मुलगा कुरकुरतो, कुरकुरू दे.

त्या साली लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला आलं. आमच्याकडं १ नोव्हेंबरला गावात काय वातावरण असतं ते इथल्या माणसांना सांगायला नको, एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, एकीकडं मराठी माणसांचा काळा दिवस, रस्त्यावर पोलीस, आणि दुकानदारांची आपली पूजा. मी संध्याकाळी गेले. पाटावर नवी वही होती, शेजारी पेन ड्राईव्ह, आणि टेबलावरच्या किबोर्डला हळद-कुंकू. जरा जास्तच वाहिलेलं. दुसऱ्या दिवशी पाडव्याला मुहूर्ताचं पहिलं बिल करायला गेले तर एंटर की खाली जाऊन वरच येईना, आत कुंकू. मला फोन. मी म्हटलं बंद करा, वायर काढा, उलटा करून हलके झटका. काकांनी माझं ऐकून झाल्यावर सांगितलं की ते केलंय आधीच, आणि नंबर पॅडवरच्या दुसऱ्या एंटरनं बिल पण झालंय, फोन फक्त पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला केला होता.

राहिलेलं पण लिहिते. जीएसटीचं रिटर्न अजून सीएच भरतात, पोर्टल आणि ओटीपी ह्या भानगडीत आम्ही गेलो नाही. काउंटरवरचा पोरगा कन्नडवाला, त्याला काका आता एफ ८ पर्यंत शिकवतायत आणि त्याचा हात चुकला की स्वतःचे हात मागं बांधून उभे राहतात, बघण्यासारखं असतं ते, कारण मागं बोटं वळवळत असतात. आणि ५०,००० च्या वरचा माल ४७ नंबरवाल्याला पाठवायचा तर ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा ऑनलाईन कागद) लागतं, ते अजून बाहेरून करून घेतात. ते शिकायचं आहे असं काकांनी स्वतः काढलंय. ते वेबसाईटवर करायचं, तिथं एफ ८ चालत नाही. म्हणजे माऊस ड्रॉवरमधून काढावा लागणार. परवा सांगितलं तसं त्यांना. त्यांनी ड्रॉवर उघडला, बघितलं, परत लावला.

"पुढच्या सोमवारपासून बगूया टीचर. खरं पत्ते नको हं."